‘इशारा’ कसा चालवायचा

२ ऑगस्ट

प्रिय मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोतीबिंदू काढून झाला असेल आणि तू काळा चष्मा लावून सगळ्यांवर हुकूम सोडत असशील. आई म्हणते, तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. तसंही कामाचं फोनवर विचारलं की तू म्हणतेस, ‘चिन्हं कानाला कळत नाहीत, कागदावर लिही.’

मी तुझ्या खुर्चीवर बसते खरी, पण पाय जमिनीला टेकत नाहीत. समोरच्या खिडकीतून धरणाचे दरवाजे आणि त्यांची ती गंजकी चाकं दिसतात. फोरमन दिवसातून दोनदा आत डोकावतात, ओल्या बुटांचे ठसे उमटवतात आणि ‘ताई असत्या तर’ एवढं म्हणून जातात. ताई म्हणजे तू. वाक्य पूर्ण कधीच करत नाहीत.

तुझ्या रुबी भाषेतल्या स्क्रिप्ट एकेक चालवून बघतेय. ‘पातळी’ला फाईलचं नाव द्यायला विसरले तर ती nil बद्दल काहीतरी पुटपुटली आणि खाली ओळींची शेपटी सोडून गप्प झाली. माझं काय चुकलं ते सांगेल तर शपथ! ‘इशारा’चंही तसंच. त्याला काय काय द्यायचं आणि कुठल्या क्रमाने, हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही.

एक असंच विचारते. समजा, एखाद्याने इशारापुढे नुसतं --help लिहिलं, तर काय होतं? बाकी बऱ्याच प्रोग्रॅमना विचारलं की ते माहिती देतात ना, म्हणून.

काल इथे जरा गडबड होती, पण ते असू दे. तू नक्की कधी येतेस? महिना म्हणाली होतीस.

तुझी,
भिंगरी


८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डोळा ठीक. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, एकाच डोळ्याने लिहितेय.

पाय टेकत नसतील तर खुर्चीच्या उजव्या बाजूचा खटका दाब. इतकी वर्षं नियंत्रण कक्षात येऊन माझ्या डब्यावर ताव मारलास, खुर्ची कधी बघितली नाहीस वाटतं!

आता ‘इशारा’. तो तीन गोष्टी घेतो. आधी वस्ती, मग पाण्याची पातळी, मग दरवाजे उघडायची वेळ. पातळी दिली नाहीस तर तो मापकावरून स्वतः वाचतो. वेळ दिली नाहीस तर ‘लगेच’ धरतो. आणि वस्तीचं नाव चुकलं तर सगळ्या नदीकाठाला संदेश पाठवतो. हे मी मुद्दाम केलंय बरं का. पुराच्या धांदलीत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं आणि कुणालाच काही कळलं नाही, त्यापेक्षा सगळ्यांना कळलेलं बरं. चार लोक फुकट पळाले तर शिव्या देतील, वाहून तर जाणार नाहीत.

मग help लिहिलं तर काय? त्याला ते वस्तीचं नाव वाटेल! अशी वस्ती नाही म्हटल्यावर सगळ्या काठाला ‘लगेच’ पाणी सुटतंय म्हणून कळवून मोकळा होईल. हे लिहिताना मलाच हसू आलं. मदत मागावी आणि गाव पळावं! तेव्हा ते तेवढं लिहू नकोस म्हणजे झालं.

माहिती लिहिली नाही कारण कुणी विचारायला आलं तर मी होतेच की शेजारी. माझा खालचा आवाजही दरवाजापर्यंत जातो.

गडबड कसली झाली?

मावशी


१३ ऑगस्ट

प्रिय मावशीस,
सा. न.

तुझं पत्र हातात धरून मी जिन्यातच बसले. मावशी, ते आधीच झालं होतं. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी.

‘इशारा’ला काय द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, त्यालाच विचारू. --help लिहिलं, एंटर दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही, म्हणून पुन्हा तेच दाबणार होते. तेवढ्यात माझ्याच पर्समधला फोन वाजला. आपल्या घरच्यांचे नंबरही यादीत आहेत, हे तेव्हा कळलं. ‘धरणाचे दरवाजे लगेच उघडत आहेत. काठ सोडा.’ खिडकीतून बघितलं तर पुलावर माणसंच माणसं. कुणी पोरं काखोटीला मारलेली, कुणी गाद्या डोक्यावर घेतलेल्या. आणि नदी आपली खाली शांत, गुडघाभर पाण्याची.

खालच्या काठाला एक शिंपी आहे. त्याने शिलाई मशीन उचललं आणि घाटाच्या पायऱ्यांवर पडला. उजवं मनगट मोडलंय. शिंप्याचं उजवं मनगट, मावशी.

साहेबांना मी सांगितलं, चुकून बटण दाबलं गेलं. help लिहिलं होतं हे सांगितलं नाही. ते सांगितलं तर चूक तुझ्या स्क्रिप्टवर जाईल असं वाटलं, आणि माझ्यावर जाणार नाही असंही वाटलं. दोन्ही खरं आहे. आता ते लेखी खुलासा मागतायत. म्हणतात, ‘ही भानगडच बंद करू, फोन करत जाऊ.’ एवढ्या घरांना एकेक फोन करेपर्यंत पाणी समुद्राला पोचेल.

आकाश भरून येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. वरच्या खोऱ्यात रोज पाऊस आहे. दरवाजे कधीतरी खरंच उघडावे लागणार, आणि मी आता कीबोर्डपासून लांबच बसते.

तू ये ना. चष्मा लावून ये, पण ये.

भिंगरी


१९ ऑगस्ट

भिंगरी,

साहेबांना खरं सांग. सगळं. स्क्रिप्ट माझी आहे हेही.
नंतर ‘इशारा’ दुरुस्त कर. माहितीचा मजकूर तू लिही.
मी आत्ता येत नाही.

मावशी


२४ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

एवढंसं पत्र, आणि प्रत्येक अक्षर बोटाएवढं. ओळी कागदाबाहेर गेलेल्या. इतक्या रागाने लिहिलंस? ‘चि.’ नाही, आशीर्वाद नाही. मला ओरडली असतीस तर चाललं असतं. हे असं तोडून लिहिलेलं सहन होत नाही.

पण तू सांगितलंस ते केलं. साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, “म्हणजे या यंत्राला ‘तू काय करतोस’ विचारायचीही सोय नाही?” आता ठरलंय असं: ‘इशारा’ चालवायला मला बंदी. चालवणार फोरमन. मी फक्त तो असा करून द्यायचा की फोरमनना एकट्याने, कुणालाही न विचारता चालवता आला पाहिजे. तसं जमलं नाही तर ‘इशारा’ बंद आणि माझी बदली भांडारात.

शिंप्याकडे जाऊन आले. दुकान म्हणजे एक खोली, अर्धी घाटावर, अर्धी नदीवर. मशीन एका बाजूला कलंडलेलं, हात प्लास्टरमध्ये. मी कोण ते सांगितलं. त्याची बायको काज करत होती, ती सुई थांबवून म्हणाली, “म्हणजे तू मदत मागायला गेलीस, आणि पळालो आम्ही?”

मी हो म्हटलं.

“मग आता काय मागायला आलीस?”

तेवढ्यात शिंपीच बोलला. “बाई, राग नाही. पण तुमचा फोन परत वाजला ना, तर मी उठणार नाही. एकदा उठून बघितलं.” शेजारची दोन माणसं दारात उभी होती, त्यांनीही माना डोलावल्या. लांडगा आला रे आला, तेच आता माझ्या नावाने होणार आहे.

सोबत माहितीचा मजकूर पाठवतेय, पानभर झालाय. फोरमनना वाचायला दिला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. “‘अनिवार्य प्राचल’, ‘ऐच्छिक प्राचल’. हा प्राचल कोण? नवीन भरती आहे का?” प्राचल म्हणजे प्रोग्रॅमला द्यायची माहिती, असं मी समजावायला लागले तर म्हणाले, “पोरी, तू उभी आहेस म्हणून मला कळतंय. तू नसशील तेव्हा हे वाचेपर्यंत पाणी पुलावर चढेल.”

काय करू तेवढं सांग. रागात सांगितलंस तरी चालेल.

भिंगरी


२९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र काका लिहितोय. माझं अक्षर तुला ठाऊक नसेल, मी लिहायच्या भानगडीत पडत नाही. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, तुमच्या या रुबीतलं मला ओ की ठो कळत नाही.

तुझी मावशी रागावलेली नाही. तिला मोतीबिंदू नव्हताच. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तुझ्या आईला काळजी नको म्हणून तिने मोतीबिंदू सांगितलं आणि मलाही तेच बोलायला लावलं. ऑपरेशन दोनदा झालं. तो डोळा आता गेला. डावाही अशक्त आहे, त्याचा पडदा जागच्या जागी राहावा म्हणून लेझर करून पट्टी बांधलीय. डॉक्टर म्हणतात, बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते डॉक्टरलाच ठाऊक. दिवसभर उताणं व्हायचं नाही, पालथं पडून राहायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही. फोन ती मुद्दाम घेत नव्हती. म्हणायची, आवाजावरून पोरगी ओळखेल.

तुझं शिंपी पडल्याचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. मी पाणी आणायला गेलो आणि बाईने उशीखाली कागद घेऊन तुला ते पत्र खरडलं. दिसत नव्हतं म्हणून अक्षरं मोठी. डॉक्टरांनी तिची आणि माझी दोघांची हजेरी घेतली.

काल तुझा पानभर मजकूर वाचून दाखवला. मी जिथे अडखळलो तिथे ती म्हणाली, “थांबा. इथे फोरमनही अडखळतील. काढून टाका.” असं करत करत मी अख्खं पान अडखळलो. फार दिवसांनी हसली. मग तिने सांगितलं ते असं, तिच्याच शब्दांत:

“प्राचलबिचल सगळं काढ. पहिल्या ओळीत हे काय करतं तेवढंच सांग. मग चालवायचं कसं. मग एक खरं उदाहरण, जे बघून जसंच्या तसं टाइप करता येईल. माणूस घाईत नियम वाचत नाही, उदाहरण बघतो. फाईलच्या सुरुवातीलाच ARGV, म्हणजे माणसाने पुढे काय काय लिहिलंय ते, तपास, काहीही काम सुरू व्हायच्या आत. काहीच दिलं नसेल किंवा --help असेल तर मजकूर दाखव आणि थांब. चूक असेल तर abort वापर, म्हणजे निरोपही जातो आणि काम फसलं हे यंत्रालाही कळतं. निरोपात यंत्राचं दुखणं सांगू नकोस. माणसाने काय लिहिलं, त्यात काय चुकलं आणि आता काय लिहायचं, ते सांग. आणि प्रत्येक वेळी सांग, संदेश गेला की नाही गेला. त्या दिवशी तुला तेच कळलं नव्हतं.

“नाव चुकलं तर सगळ्यांना कळवायचं, हे माझंच डोकं. काढून टाक. सगळ्यांना कळवायचं असेल तर माणसाने ‘सर्व’ असं स्वतःच्या हाताने लिहावं.”

हे सांगून झोपली. बाळ, तिचं परत यायचं काही विचारू नकोस. मलाही विचारायचं धाडस होत नाही.

काका


९ सप्टेंबर

प्रिय मावशीस आणि काकांस,
सा. न.

काका, हे तिला हळूहळू वाचून दाखवा. सगळे सुखरूप आहेत, ते आधीच सांगून टाकते.

मावशी, मोतीबिंदूबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे, पण आज नाही. काकांचं पत्र आलं त्या दिवशी आई आणि मी स्वयंपाकघरात नुसत्या बसून होतो. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

मग मी मजकूर परत लिहायला बसले. पानभराचं एवढंच उरलं:

इशारा: पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या वस्त्यांना संदेश पाठवतो.
असा चालवा: ruby ishara.rb वस्ती पातळी वेळ
उदाहरण: ruby ishara.rb खालचा-काठ 6.5 16:30
वस्त्या: वरचा-काठ, खालचा-काठ, बेट, सर्व
नुसता चालवला किंवा --help लिहिलं तर हा मजकूर दिसतो. संदेश कोणालाही जात नाही.

फोरमननी एकदाच वाचलं आणि म्हणाले, “हं.” त्यांच्याकडून ‘हं’ म्हणजे पदक!

पण शिंप्याचं काय? त्याचा फोन वाजला तरी तो उठणार नव्हता. परवा सकाळपासून वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता आणि साहेब वरच्या धरणावर गेले होते. मला यंत्राजवळ बसायची बंदीच. मी फोरमनना सांगून खालच्या काठाला गेले. दारोदार सांगत होते, की आता इशारा आला तर उठा. कुणी ऐकून घेतलं, कुणी तोंडावर दार लावलं. आकाश असं काळं झालेलं की दुपारीच दुकानांतून दिवे लागले होते.

शिंप्याच्या दारात उभी असताना फोन वाजला. माझा, त्याचा, त्याच्या बायकोचा, शेजाऱ्यांचा, सगळ्यांचे एकदमच. ‘खालचा काठ. पातळी सव्वासात. धरणाचे दरवाजे साडेचारला उघडत आहेत. काठ सोडा.’

गल्लीत कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

“खरं की खोटं?” शिंप्याने विचारलं.

मावशी, मला ठाऊक नव्हतं. खाली नदी होती तेवढीच होती. वर फोरमन एकटे. त्यांनी उदाहरण बघून सराव म्हणून तेच तर टाइप केलं नसेल? मीच ते असं लिहिलं होतं की जसंच्या तसं टाइप करता यावं! फोरमनना फोन लावला, लागला नाही. सगळ्यांचेच फोन सुरू, लाईन कुठली मिळणार! परत खोटं निघालं तर ही माणसं यापुढे कधीच उठणार नाहीत. आणि मी गप्प बसले तर आज उठणार नाहीत.

संदेश परत वाचला. माझ्या उदाहरणातली वेळही साडेचारच! मग पातळी बघितली. सव्वासात. उदाहरणात साडेसहा आहे. म्हणजे हा आकडा कुणीतरी मापक बघून स्वतः लिहिला होता.

“खरं,” मी म्हटलं. “उठा.”

आवाज माझा मलाच परका वाटला. शिंप्याची बायको क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने तोंडातला दोरा तोडला आणि म्हणाली, “अहो, उठा. हिचं तोंड पांढरं पडलंय, ही खोटं बोलत नाही.” मशीन आम्ही दोघींनी उचललं. त्याला हात लावू दिला नाही. घाटाच्या पायऱ्या चढून पुलाकडे जाताना मागे वळून बघितलं, तर अख्खी गल्ली मागून येत होती.

पाणी दुकानाच्या आडव्या फळीपर्यंत चढलं. बांधलेल्या होड्या गेल्या, कोंबड्या गेल्या, कुणाची तरी हातगाडी गेली. माणूस एकही गेला नाही.

फोरमननी नंतर सांगितलं ते ऐक. त्यांनी आधी ‘खालचाकाठ’ असं जोडून लिहिलं होतं. पडद्यावर आलं: “‘खालचाकाठ’ ही वस्ती यादीत नाही. संदेश कोणालाही गेलेला नाही. ‘खालचा-काठ’ म्हणायचं होतं का?” ते म्हणाले, “घाईत हातून चुकलं गं. पण ‘गेलेला नाही’ वाचलं आणि श्वास आला. मग चष्मा पुसून नीट लिहिलं.”

तुझा जुना ‘इशारा’ असता तर त्या क्षणी बेटावरची आणि वरच्या काठाची माणसंही पुलावर आली असती. शिंप्याच्या गल्लीला पुलावर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. तुला लागावं म्हणून लिहीत नाही. तूच काढायला सांगितलंस म्हणून लिहितेय.

साहेबांनी बंदी उठवली. मला आनंद व्हायला हवा. पण आभाळ आलं की पोटात गोळा अजून येतोच.

डावा डोळा कसा आहे, हे या वेळी खरं कळवा.

भिंगरी


१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगतेय मी, लिहितायत काका. तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. ‘खरं की खोटं’पाशी मी यांना थांबवलं, पुढचं ऐकवेना. मग दम खाऊन म्हटलं, वाचा.

खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. सोमवारी पट्टी काढली. डाव्या डोळ्याला खिडकीचे गज वाकलेले दिसतात आणि काकांचं नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, ते तरी ठीक. पुढे सुधारेल की इथेच थांबेल, डॉक्टर सांगत नाहीत. सकाळी जाग आली की आधी खिडकी शोधते. दिसली की मग श्वास सोडते. पोटातला तो गोळा माझ्याकडेही आहे, तू एकटी नाहीस.

मी परत कामावर येणार नाही. साहेबांना तसं कळवलंय. ‘पातळी’लाही माहितीचा मजकूर लिही, तीही माझ्यासारखीच नुसती पुटपुटते.

आणि एक. यापुढे जाड काळ्या पेनाने लिही, अक्षर मोठं काढ आणि दोन ओळींत भरपूर जागा सोड. डॉक्टर म्हणाले, रोज थोडंसं वाचून बघायला हरकत नाही. ते मला तुझं वाचायचंय. काका वाचून दाखवतात, पण भांडणाच्या जागा गाळतात असा मला दाट संशय आहे.

(गाळत नाही. — काका)

मावशी